जप्तीच्या बोटीतून आलेलं कोर्ट

आमच्या बेटावर चार वर्षांनी कोर्ट येणार ही बातमी रेडिओवर लागली, तेव्हा मी कोनफळं सोलत होते. बुधवार माझ्या उपासाचा, पण घरातल्यांची पोटं काही बुधवार पाळत नाहीत. रेडिओवरची बाई सांगत होती, लहान बेटांवर कोर्ट पाठवायला सरकारकडे पैसा नव्हता; आता गुन्हेगारांकडून जप्त केलेल्या मालमत्तेतून हा खर्च भागवणार. जप्त केलेली एक बोटही कोर्टाला दिली आहे. ऑगस्टात ती आमच्याकडे येईल.

बोट कुणाची ते तिने सांगितलं नाही. आम्हाला सांगायची गरजही नव्हती. पांढरी, निळ्या पट्ट्याची ती बोट आमच्याच गावच्या सेमिसीची. राजधानीत, नुकुअलोफात, तो अमली पदार्थ विकायचा. गेल्या वर्षी त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. पण पकडला जाण्याआधी तो दर नाताळात गावी यायचा, देवळात पहिल्या बाकावर बसून रडायचा, आणि एका नाताळात त्याने चर्चच्या मंडळीच्या बँडला अकरा पितळी वाद्यं दिली होती. नवी कोरी. पाळकांनी त्यांच्यावर प्रार्थना केली होती, आणि त्या दिवशी सर्वात मोठ्याने ‘आमेन’ म्हणणारी मी होते.

त्याच संध्याकाळी उपासनेनंतर मंडळीचे कारभारी मोसेसे यांनी मला थांबवून घेतलं. बँडमास्टर लिसियाते, म्हणजे माझा भाचा, आधीच तिथे डोकं खाजवत बसला होता.

मोसेसे म्हणाले, “तापैताबाई, एक सांगा. ज्या कोर्टाचं पोट जप्तीवर चालतं, ते कोर्ट आपल्या गावातून रिकाम्या हाताने परत जाईल?”

“ते जमिनीचे खटले ऐकायला येतायत,” मी म्हटलं.

“येताना जमिनीचे. जाताना वाद्यं घेऊन जातील. भुकेल्या माणसाला घरात घेतलं की तो आधी चुलीकडे बघतो.”

“कारभारी, मग ट्युबा माझ्या घरी ठेवू?” लिसियातेने विचारलं.

“तू बँडमास्टर. पहिली झडती तुझीच. अक्कल गहाण ठेवलीस की तीपण जप्त झाली?”

मी गप्प बसायला हवं होतं. पहाटेची पहिली घंटा व्हायच्या आत उठायचं, देवळात जाऊन आल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि दिवसभरात विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हे माझे नेम. त्यातला तिसरा त्या दिवशी मोडला. मी म्हटलं, “लोसालिनेच्या घरी ठेवा. एकट्या विधवेच्या घरात कोण बघणार?”

लोसालिने माझ्या शेजारची. बत्तीस वर्षांची. नवरा प्रवाळाच्या कड्यापलीकडे मासे धरायला गेला तो परत आला नाही, त्याला तीन वर्षं झाली होती. तिला दोन मुली. मोसेसेंनी तिला बोलावून घेतलं, सगळं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, “चोरीचं आहे का?”

“देवाचं आहे,” मोसेसे म्हणाले.

मग आम्ही चौघांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली, की वाद्यं कुठे आहेत हे पाचव्या माणसाला कळणार नाही. पाळक तेव्हा मोठ्या बेटावर परिषदेला गेले होते. ते असते तर हे घडलं नसतं, असं आता म्हणायला सोपं आहे.

लिसियातेने पुढच्या तीन संध्याकाळी, कावा, म्हणजे पुरुष जमून पितात ते मुळांचं पेय, प्यायला जाता जाता, वाद्यं लोसालिनेच्या घरी नेली. उघडी नेता येत नव्हती. पाच कॉर्नेट, तीन ट्रॉम्बोन, दोन बारक्या तुताऱ्या आणि तो राक्षस ट्युबा. त्याने ती केतकीच्या चटयांमध्ये गुंडाळली. पहिल्या संध्याकाळी एक वळकटी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी सगळ्यात जाड. चटई खांद्यावर घेऊन जायचा आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचा.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चौघंही इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. माणूस विणलेली चटई घेऊन बाईच्या दारात गेला, आणि चटई तिथेच राहिली, तर आमच्याकडे त्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. लग्नाला चटई, बाळंतपणाला चटई, मयताला चटई. बाळंतपण आणि मयत दोन्ही नसलं तर उरलं काय? आम्ही कोर्टाच्या डोळ्यांना भ्यायलो आणि गावाचे डोळे विसरलो.

तिन्ही संध्याकाळी फिनाऊ आपल्या ओट्यावर बसून होता. फिनाऊ म्हणजे लोसालिनेचा मोठा दीर.

आमच्याकडे जमीन पुरुषाच्या नावावर असते. नवरा गेला की विधवेला ती मरेपर्यंत कसता येते. मात्र तिने दुसरं लग्न केलं, किंवा परपुरुषाशी संबंध असल्याचं कोर्टात सिद्ध झालं, की ती जमीन, तिच्यावरच्या घरासकट, सासरच्या पुरुषाकडे जाते. लोसालिनेची जमीन विहिरीला लागून आहे, आणि तिथलं अळू गुडघ्याच्या वर येतं. फिनाऊची जमीन मिठागरासारखी. तो वाईट माणूस नाही. पण तीन वर्षं रोज कुंपणापलीकडचं अळू बघत राहिला, की माणसाला कुंपणच दिसेनासं होतं.

जूनमध्ये त्याने अर्ज धाडला. जुलैच्या बोटीने लोसालिनेच्या नावाचा कागद आला. ती तो घेऊन माझ्याकडे आली. मी विणायला बसले होते. तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि उभीच राहिली.

“वाचा, मावशी.”

मी वाचलं. कागदावर लिसियातेचं नाव होतं, तीन तारखा होत्या, आणि असे शब्द होते की ते मी इथे लिहिणार नाही.

“मुली शाळेतून रडत आल्या,” ती म्हणाली. “त्यांना विचारतात, नवा बाप ट्युबा वाजवतो का.”

“लोसालिने, मी मोसेसेंशी बोलते.”

“बोला. पण एक ऐका. मी शपथ मोडणार नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून ठेवली, तुम्ही सांगाल तेव्हाच काढीन. फक्त घर गेल्यावर मुलींना घेऊन कुठे जाऊ, तेवढं सांगून ठेवा.”

ती आवाज न चढवता बोलली. मला त्याचंच भय वाटलं.

मोसेसेंच्या घरी कावा चालला होता. मी बाहेर उभी राहून त्यांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, “शपथ ती शपथ. आणि हे फिनाऊचं डोकंच नाही. अर्ज कुणी लिहून दिला असेल? कोर्टाच्याच माणसाने. त्यांना वाद्यांचा वास लागलाय. बाईला कोंडीत धरायचं, बाई बोलली की माल हातात.”

“तुम्हाला खरंच असं वाटतं?”

“मला वाटत नाही. मी जाणतो. सेमिसीची बोट गेली, त्याचा ट्रक गेला, त्याच्या आईची शिवणाची मशीनसुद्धा गेली. आता म्हणे त्यातून आपल्याला न्याय मिळणार. तापैताबाई, कोंबड्यांवर पोसलेला कोल्हा खुराड्याची राखण करताना बघितलाय का कधी?”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. त्यानंतर पहाटे गुडघे टेकले, की प्रार्थनेऐवजी डोक्यात हिशोब यायचे: अर्ज जूनमध्ये कसा गेला, त्याचा कागद इतक्या लवकर कसा आला, इतर वेळी तर जन्माचा दाखला यायला वर्ष लागतं. संशय ही अशी वाळवी आहे की देवळाच्या खांबालाही सोडत नाही. लिसियातेकडे मी त्याच नजरेने बघायला लागले. तिन्ही वेळा फक्त वळकटी टाकून आला होता ना हा? तिथे बसला तर नव्हता? एके दिवशी मी विचारलंच.

तो म्हणाला, “आत्या, तूसुद्धा?”

जमीन गिळेल तर बरं, असं मला वाटलं.

*

बोट आली. गावाने रिवाज म्हणून खाणं केलं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, कोनफळ, निरफणस, एक डुक्कर. पण वाढणाऱ्या बायका न बोलता वाढत होत्या, आणि पुरुष कोर्टाच्या माणसांचे खिसे न्याहाळत होते. न्यायाधीश न्यूझीलंडचे, पांढरे केस, उन्हाने लाल झालेलं नाक. त्यांच्यासोबत दुभाष्याचं काम करणारी कारकून बाई सिसिलिया, एक पोलीस, आणि आमच्या रीतीभाती सांगायला मोठ्या बेटावरचे एक वयस्कर सल्लागार. न्यायाधीशांनी बँडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून सहज विचारलं, “इथे बँड आहे असं ऐकलं होतं.”

मोसेसे माझ्या कानात पुटपुटले, “बघा. सांगत नव्हतो?”

शाळेच्या मोठ्या खोलीत कोर्ट बसलं. सगळं गाव मानाच्या प्रसंगी बांधतात तशी कंबरेला चटई बांधून, तेल लावून आलं होतं. लोसालिने पहिल्या ओळीत, काळ्या कपड्यात, दोन मुलींच्या मधे.

फिनाऊने स्वतःच बाजू मांडली. तीन तारखा, तीन वळकट्या.

न्यायाधीशांनी सिसिलियातर्फे विचारलं, “तुम्ही आणखी काय पाहिलंत?”

“महाराज, चटई आत गेली आणि माणूस मोकळा बाहेर आला. यावर आणखी काय बघायचं? नारळ फुटलेला दिसला की आत पाणी होतं का, हे विचारत बसतात का?”

खोलीत हशा पिकला. लोसालिनेच्या मोठ्या मुलीने मान खाली घातली.

मग लोसालिनेला विचारलं. तिने शास्त्रावर हात ठेवला. “त्या चटयांमध्ये काय होतं?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“का?”

“शब्द दिलाय.”

“कुणाला?”

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं आणि ती समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे. न्यायाधीश म्हणाले, “बाई, तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर माझ्यासमोर फक्त यांचंच म्हणणं उरतं. त्याचा अर्थ तुम्हाला समजतोय ना?”

“समजतोय.”

त्याच पुस्तकावर मी एकदा हात ठेवला होता, लपवण्यासाठी. त्यावर दुसऱ्यांदा हात ठेवला तर पहिला खोटा ठरणार होता. पण पहिली शपथ आम्ही देवासाठी घेतली होती, की कोर्टाच्या भीतीने? हा प्रश्न मी दोन महिने स्वतःला विचारला नव्हता. तिथे, त्या उकाड्यात, पाच क्षणांत विचारला.

मी वळून लिसियातेला हळूच म्हटलं, “ऊठ. खरं ते सांग.”

आमच्यात बापाच्या बहिणीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भावाची मुलं तिला नाही म्हणत नाहीत. मी आयुष्यात तो हक्क कधी वापरला नव्हता, मेजवानीत आत्याच्या मानाची डुकराची पाठ मागायलासुद्धा नाही. लिसियाते उठला. पांढरा पडला होता. पण सगळं सांगितलं: सेमिसीची वाद्यं, रेडिओची बातमी, चटया. मोसेसेंनी डोळे मिटून घेतले. खोलीत एवढी कुजबुज झाली की पोलिसाला टेबल वाजवावं लागलं.

फिनाऊ ताडकन उठला. “महाराज, याचं ऐकू नका! ती म्हातारी याची आत्या आहे. तिने आत्ता, सगळ्यांच्या देखत, याच्या कानात सांगितलं. ती म्हणाली तर हा समुद्रात उडी मारेल आणि पाणी गोड होतं म्हणून सांगेल. अशा माणसाच्या जबानीला काय अर्थ?”

न्यायाधीशांना काही कळलं नाही. सल्लागारांनी झुकून त्यांना बराच वेळ समजावलं. मग न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, की फिनाऊचं म्हणणं त्यांना पटलं होतं. माझ्या हक्कानेच माझ्या भाच्याची साक्ष निकामी केली होती.

“वस्तू आहेत का?” त्यांनी विचारलं.

मोसेसे पुढे झुकून दात आवळून म्हणाले, “गप्प राहा, तापैताबाई. गावासाठी.”

मी उठले. “आहेत, महाराज. लोसालिनेच्या घरी. तिथे ठेवायला मीच सांगितलं. तिचा काही दोष नाही. चला, दाखवते.”

सगळं कोर्ट उन्हात चालत निघालं, मागे गाव. लोसालिनेच्या घरात पलंगाच्या गादीखाली, जिथे बायका झाडाच्या सालीचं जाड कापड जपून ठेवतात, तिथे दोन वळकट्या निघाल्या. तिसरी स्वयंपाकाच्या खोपटात, माडाच्या झावळ्यांखाली. सिसिलियाने एकेक उलगडली. आतून पितळ चमकलं. अकराच्या अकरा. लोसालिनेने दर शनिवारी त्यांना खोबरेल लावून पुसलं होतं. एकाही कळीला गंज नव्हता.

लिसियाते ट्युबाजवळ बसला आणि नकळत त्याच्यावरून हात फिरवू लागला.

न्यायाधीशांनी चटया मोजल्या. तीन. फिनाऊला विचारलं, “याच का?”

फिनाऊने काठाची वीण पाहिली. खोटं बोलता आलं असतं. पण त्याची आई विणकर होती, आणि त्याच्या आसपास वीण ओळखणारी पन्नास माणसं उभी होती. “याच,” तो म्हणाला.

शाळेत परत येऊन न्यायाधीशांनी निकाल सांगितला. आरोप सिद्ध झाला नाही. अर्ज फेटाळला. जमीन लोसालिनेकडेच राहील. लहान मुलीला काही समजलं नव्हतं, तिने आईला विचारलं, “मग आता जेवायचं का?”

मग न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि जरा ओशाळून म्हणाले, की वाद्यांचा प्रश्न या खटल्यात नव्हता. पण शिक्षा झालेल्या माणसाची देणगी त्यांच्यासमोर उघड झाली आहे, आणि ते न पाहिल्यासारखं करता येत नाही. पोलीस यादी करेल, पावती देईल, पुढचा निर्णय राजधानीत होईल. लपवल्याबद्दल कुणावर काही करण्याचा त्यांचा विचार नाही.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “वा! जमीन दिली, बँड घेतला. सौदा बरा झाला.”

लगेच सगळीकडून तेच. घ्या, पुढच्या कोर्टाचं डिझेल निघालं. ट्युबा विकून न्यायाधीशांना नवी टोपी येईल. बाईला घर मिळालं ते खरं बोलल्याबद्दल नाही, माल दाखवल्याबद्दल. मोसेसे माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

मी सिसिलियाजवळ गेले. “मुली, निकालाच्या कागदावर वेळ लिहितेस का? किती वाजता सांगितला ते.”

“लिहिते ना, काकी. अकरा पन्नास.”

“आणि वाद्यांची यादी करायला पोलीस कधी बसतो, तेही लिही. त्याच्या कागदावर. आणि मला दोन्हीची नक्कल दे.”

पोलिसाची यादी झाल्यावर तिने मग दोन्ही लिहून दिलं, शिक्के मारले. यादीवर वेळ होती एक वाजून दहा मिनिटं. न्याय आधी झाला, जप्ती नंतर. एवढं तरी कागदावर राहावं, असं मला वाटलं.

दुपारी बोट निघाली. चटया त्यांनी परत दिल्या होत्या. पितळ ताडपत्रीखाली होतं. किनाऱ्यावर कुणी हात हलवला नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मी ते दोन कागद घेऊन घरोघर गेले. मोसेसेंच्या बायकोने दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि “बरं” म्हणून लावलं. दुसऱ्या घरी म्हणाले, “न्यायाधीशाने वाद्यं घरात बघितली तेव्हा किती वाजले होते, ते लिहिलंय का?” ते लिहिलेलं नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं. शेवटी फिनाऊच्या ओट्यावर गेले. त्याने कागद उजेडात धरून नीट वाचले, शिक्क्यावर अंगठा फिरवला.

“अकरा पन्नास,” तो म्हणाला. “कुणाच्या घड्याळात, तापैताबाई?”

“कोर्टाच्या.”

“ते घड्याळ तरी त्यांचं स्वतःचं आहे का? की तेही सेमिसीचंच?”

तो हसला नाही. मीही हसले नाही. त्याने कागद परत दिले, आणि आम्ही दोघं कुंपणापलीकडे बघत राहिलो. तिथे लोसालिने झगा खोचून अळूच्या वाफ्यात वाकली होती. दोन्ही मुली पाट मोकळा करत होत्या, आणि विहिरीचं पाणी तिच्याच वाफ्यांत शिरत होतं.